बेअरिंग बदललं, पण ते गेलं कशानं हे कुणी विचारलं का?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार,

गेल्या रविवारी तुमच्या पेपरात वसईच्या एका लघुउद्योजकाचं पत्र वाचलं. त्यांच्या व्हीएमसीचा, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या उभ्या कटिंग मशीनचा, स्पिंडल वर्षात तीनदा उतरवला, तीनदा बेअरिंग बदलली, पैसे गेले, ऑर्डरी लेट झाल्या आणि तरी आवाज परत सुरूच. शेवटी त्यांनी लिहिलं होतं की हे रिपेअरवाले सगळे लुटारू आहेत. वाचून दोन दिवस चैन पडली नाही कारण मी त्याच धंद्यातला आहे, साकीनाक्याला एका गाळ्यात गेली एकवीस वर्षं फक्त स्पिंडलचंच काम करतो. त्यांचा राग मला पटतो, त्यांच्या जागी मी असतो तर मीपण हेच लिहिलं असतं. पण त्या पूर्ण पत्रात एक गोष्ट कुठेच नव्हती आणि तेवढ्यासाठीच हे लिहायला बसलोय. पहिल्या वेळी बेअरिंग गेली कशानं, हे त्यांनी विचारलं नाही आणि करणाऱ्यानं सांगितलं नाही. मग दुसरी जाणारच होती, तिसरीपण जाणारच होती.

ज्यांचा मशीनशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मशीनमध्ये टूल धरून फिरवणारा जो भाग असतो तो स्पिंडल. मी १९९३ ला कुर्ला आयटीआयमधून मशिनिस्ट होऊन बाहेर पडलो तेव्हा सहा हजार आरपीएमचं मशीन म्हणजे लोक बघायला यायचे. आज माझ्या टेबलावर येणारा साधा बीटी ४० चा स्पिंडल १२,००० चा असतो, मोल्डवाल्यांचे एचएसके टेपरचे २४,००० चे पण येतात (बीटी ४० आणि एचएसके हे टूल होल्डर बसवायचे प्रकार). १२,००० म्हणजे एका सेकंदात २०० फेरे, डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात तीस-चाळीस फेरे होऊन जातात. आणि एवढं फिरताना टूल धरणारं तोंड दोन-तीन मायक्रॉनच्या (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वर हलता कामा नये. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून काय ते समजा.

आत एक पोकळ शाफ्ट असतो, पुढे टूल होल्डर बसायला टेपर म्हणजे निमुळतं भोक, मधून जाणारा ड्रॉबार म्हणजे खेचायचा दांडा, त्यावर ओळीनं रचलेल्या डिस्क स्प्रिंगा ज्या होल्डरला आत खेचून धरतात, आणि पुढे-मागे तिरका दाब झेलणाऱ्या अँग्युलर काँटॅक्ट बेअरिंगचे सेट. ही बेअरिंग आधीपासूनच ठराविक दाबात बसवलेली असतात, त्याला प्रीलोड म्हणतो आम्ही. प्रीलोड कमी पडला की शाफ्ट डुलतो आणि जॉबवर चॅटरचे, म्हणजे टूल थरथरल्याचे, पट्टे येतात, जास्त झाला की बेअरिंग स्वतःच्याच गरमीनं जळतं. सगळा खेळ तेवढ्यात आहे.

आता निदान. फोन येतो, "स्पिंडल गेलाय, न्यायला गाडी पाठवा." मी आधी गाडी पाठवतच नाही, मी स्वतः जातो, लोकलनं जातो, बॅगेत डायल गेज, टेस्ट मँड्रेल (तपासणीचा अचूक दांडा), ड्रॉबार फोर्स गेज आणि व्हायब्रेशन मीटर. कारण कितीतरी वेळा स्पिंडल गेलेलाच नसतो. होल्डर खराब असतो, पुल स्टड (होल्डरच्या मागचा बोल्ट, ज्याला धरून तो आत खेचला जातो) ढिला असतो, बेल्ट कडक झालेला असतो नाहीतर मशीनचं लेव्हलच गेलेलं असतं. एक साधी टेस्ट कुणालाही करता येते. टेपर पुसून मँड्रेल लावा, हातानं फिरवून डायलवर रनआउट, म्हणजे फिरताना किती हेलकावतो ते, बघा आणि सगळ्यात जास्त जिथे दाखवतो तिथे मँड्रेलवर आणि स्पिंडलच्या तोंडावर पेनानं खूण करा, मग मँड्रेल काढून अर्धा फेरा फिरवून परत लावा आणि परत बघा. जास्तीचा पॉइंट मँड्रेलवरच्या खुणेबरोबर फिरला तर दोष मँड्रेलचा किंवा होल्डरचा, आणि स्पिंडलवरच्या खुणेपाशीच राहिला तर मग टेपर नाहीतर बेअरिंग. पाच मिनिटांचं काम आहे. ही टेस्ट न करता उतरवलेले चांगले स्पिंडल माझ्याकडे आलेत, आणि मी ते तसेच परत पाठवलेत.

दुसरं म्हणजे ड्रॉबारची ताकद. बीटी ४० च्या बऱ्याच मशीनला ती ८०० ते १,००० किलोच्या आसपास असते, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. डिस्क स्प्रिंगा तुटायला लागल्या की हळूहळू ती उतरते, कुणाला कळतपण नाही, कारण टूल चेंज व्यवस्थित होत असतो. कळतं कुठे, तर टेपरवर तांबूस पावडर दिसायला लागते, गंजासारखी. ती ओलीनं आलेली गंज नाही, होल्डर आत बारीक हलून दोन्ही लोखंडं एकमेकांना घासतायत त्याची ती खूण आहे. मग जॉबची फिनिश बिघडते आणि सगळे म्हणतात बेअरिंग गेलं. बेअरिंग ठणठणीत असतं.

व्हायब्रेशनचं पण तसंच. नुसता "जास्त आहे" म्हणून उपयोग नाही. १२,००० वर फिरणाऱ्या स्पिंडलचं कंपन जर २०० हर्ट्झलाच उठत असेल तर आधी बॅलन्सिंग बघायचं, कदाचित होल्डरच अनबॅलन्स असेल. बेअरिंगचा डाग असेल तर तो त्याच्या त्याच्या फ्रिक्वेन्सीला बोलतो, बाहेरच्या रिंगची वेगळी, आतल्या रिंगची वेगळी, बॉलची वेगळी, बॉल धरणाऱ्या केजची वेगळी, बेअरिंगच्या मापावरून ती आधीच गणितानं काढता येते. कानाला स्क्रू ड्रायव्हर लावून ऐकायची माझी सवय अजून गेली नाही आणि मला तिचा अभिमानपण आहे, पण हल्लीच्या स्पिंडलला कान पुरत नाही हे मी मान्य करतो. कानाला ऐकू येईपर्यंत बॉल ज्यावर फिरतात त्या ट्रॅकची चाळण झालेली असते. बेल्टवाला स्पिंडल असेल तर बेल्ट काढून एकटी मोटर चालवून बघायची, आवाज तसाच राहिला तर स्पिंडल निर्दोष.

आता ज्या कामामुळे मला हे पत्र लिहावंसं वाटलं ते सांगतो. वागळे इस्टेटमध्ये एक ताई आहेत, नवऱ्याच्या मागे त्यांनीच युनिट सांभाळलंय, तीन व्हीएमसी, जॉबवर्क. दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये त्यांचा फोन आला, "दादा, हा स्पिंडल मी दोनदा दुसरीकडे करून घेतला, दोन्ही वेळा तीन महिन्यांत गेला, आता मशीन विकू का ते सांगा." मी गेलो. टेस्ट केल्या, बेअरिंग खरंच गेलेलं होतं, उतरवून आणलं. उघडताना मी टेबलावर पांढरं कापड टाकतो, कारण जे काय आतून पडेल ते दिसलं पाहिजे. पुढचं बेअरिंग बाहेर काढलं तर ग्रीस दुधाळ, ताकासारखं. बोटावर घेतलं तर चिकटपणाच नाही. धुऊन ट्रॅक बघितला तर बारीक तपकिरी ठिपके, आणि ते कुठेही नाही, बरोबर एक-एक बॉलच्या अंतरावर. याचा अर्थ मशीन बंद असताना बॉल जिथे टेकले होते तिथे पाणी साचून गंज धरला होता. बेअरिंग चालताना नाही, उभ्या उभ्या मेलं होतं.

मग पाणी आलं कुठून? मी परत त्यांच्याकडे गेलो, खरं तर तेव्हा गरज नव्हती, काम मिळालं होतं, नवा सेट टाकून बिल केलं असतं तरी चाललं असतं. कंप्रेसरपासून एअर लाइन हातानं चाचपत मशीनपर्यंत आलो, आणि मशीनच्या मागे एफआरएल युनिटच्या (हवेतलं पाणी-घाण गाळून दाब ठरवणारा भाग) खालचा नॉब दाबला तर चहाचा अर्धा ग्लास भरेल एवढं पाणी आलं. स्पिंडलच्या तोंडाशी जे लॅबिरिन्थ सील (वळणावळणाची बारीक फट) असतं त्यात सतत हवा सोडलेली असते, कूलंट, म्हणजे कापताना मारायचं पाणी, आत येऊ नये म्हणून. इथे तीच हवा पाणी घेऊन आत जात होती! मुंबईचा पावसाळा, हवेत इतकी ओल की भिंतीला बुरशी येते, कंप्रेसर तीच हवा खेचून दाबतो आणि पाणी होतं, आणि लाइनला ड्रायर होता पण तो बंद पडून सहा महिने झाले होते, कुणीतरी बायपास करून ठेवला होता. दोन्ही वेळेच्या रिपेअरवाल्यांनी बेअरिंग चांगलीच टाकली असतील, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण दुधाळ ग्रीस त्यांनीपण बघितलंच असणार ना? बघून पुसून टाकलं.

ताईंनी ड्रायर दुरुस्त केला, रोज सकाळी ड्रेन उघडायचं काम एका मुलाला नेमून दिलं, जेवणाच्या सुट्टीत कंप्रेसर बंद करायची सवय होती ती बंद केली, कारण तेवढ्या वेळात सीलमधली हवा थांबते. स्पिंडल आजपण चालू आहे. गेल्याच महिन्यात रीडिंग घेऊन आलो.

साहेब, मेलेलं बेअरिंग खोटं बोलत नाही, फक्त वाचणारा पाहिजे. ट्रॅकवर एकाच बाजूला बॉलच्या अंतरानं खळगे असतील तर स्पिंडल कुठेतरी ठोकलाय, मग ऑपरेटर कितीही नाही म्हणू दे, आणि इथे मी मालकांना हात जोडून सांगतो की त्याच्यावर ओरडू नका, ओरडलात तर पुढच्या वेळी तो क्रॅश लपवेल आणि तुम्ही दोन महिने खराब जॉब पाठवत बसाल. ट्रॅक रुंद, काळपट-निळा आणि ग्रीस जळून कोळशासारखं झालेलं असेल तर प्रीलोड जास्त होता किंवा वॉर्मअप न देता थंड स्पिंडल एकदम फुल स्पीडला पळवलाय, सोमवारी सकाळी हे फार होतं. सगळीकडे बारीक मॅट डाग असतील तर आत घाण शिरलीय. बाहेरच्या रिंगवर ट्रॅक तिरका गेला असेल तर रिंग वाकडी बसली होती, म्हणजे चूक बसवणाऱ्याची, आमच्यासारख्याचीच. आणि कपडे घासायच्या फळीसारख्या आडव्या रेघा असतील तर ड्राइव्हमधून करंट बेअरिंगमधून गेलाय, तिथे नुसतं बेअरिंग बदलून काहीच होणार नाही, अर्थिंग बघावं लागेल नाहीतर सिरॅमिक बॉलचा सेट टाकावा लागेल, त्यातून करंट जात नाही.

एक चूक तर मी जवळजवळ प्रत्येक शॉपमध्ये बघतो. शिफ्ट संपताना पोरगं एअर गन घेतं आणि स्पिंडलच्या तोंडावर जोरात मारतं, चिप साफ करायला. त्या हवेनं तोंडाशी बसलेला कूलंट सरळ सीलच्या आत ढकलला जातो. मशीन साफ दिसतं आणि बेअरिंगमध्ये पाणी. कपड्यानं पुसा, टेपर साफ करायचा वायपर मिळतो तो वापरा, पण एअर गन तिथे मारू नका. शक्य असेल तर मशीनवर तसं लिहून चिकटवा.

आता बांधणीबद्दल, कारण लोकांना वाटतं जुनं काढलं नवं ठोकलं झालं. माझ्याकडे एका स्पिंडलला सहसा चार-पाच दिवस लागतात आणि त्यातले दोन दिवस नुसतं मोजण्यात जातात. बेअरिंगच्या सीटा, हाउसिंगचा बोअर, शोल्डर किती काटकोनात आहे, लॉक नटचं तोंड सरळ आहे का. टेपरला निळा रंग लावून मास्टर (अचूक मापाचा नमुना) बसवून बघतो, रंग मोठ्या तोंडाकडे भरून लागला पाहिजे, तोंडाकडे सुटून आत लागत असेल तर टेपर ग्राइंड करावा लागतो. दोन बेअरिंगच्या मधले आतला आणि बाहेरचा असे दोन स्पेसर असतात, ते दोन्ही एकदम एकाच मॅग्नेटवर ठेवून ग्राइंड करतो, कारण त्या दोघांच्या लांबीत एका मायक्रॉनचा जरी फरक पडला तरी प्रीलोड बदलतो. बेअरिंगवर व्ही आकाराची खूण असते, ती सेटमध्ये बरोबर जुळवून लावायची असते, उलटी लागलेली मी पाहिलीये, नव्या कोऱ्या महागड्या सेटची.

आणि मे महिना. याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. साकीनाक्याच्या पत्र्याखाली मे मध्ये ३६-३७ डिग्री असते. लोखंड एका डिग्रीला एका मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं, म्हणजे ११० मिलिमीटरच्या हाउसिंगमध्ये दहा डिग्रीचा फरक पडला तर बारा-तेरा मायक्रॉनचा फरक. आणि फिट आपण बघतोय दोन-चार मायक्रॉनची! बाहेर तापलेलं हाउसिंग आणि एसीतलं थंड बेअरिंग घेऊन माप जुळवलं तर ते माप खोटंच असणार. म्हणून माझ्या गाळ्यात घरच्या आधी एसी लागला, आणि सगळे पार्ट रात्रभर एकाच खोलीत ठेवून सकाळी माप घ्यायचं हा नियम. पार्टी म्हणते कालच आणून दिला, आज उघडलापण नाही का. उघडलाय, साफपण केलाय, फक्त तो आमच्या खोलीच्या तापमानाला यायचाय.

ग्रीसची एक चूक माझ्याच हातून झालीये, ती इथे सांगणं मला गरजेचं वाटतं. गाळा सुरू केल्याच्या दुसऱ्या वर्षी एक १०,००० चा स्पिंडल केला होता, मनापासून केला होता, आणि जास्त टिकावा म्हणून बेअरिंग ग्रीसनं भरून टाकलं. रनिंग टेस्टला लावला तर ४० डिग्री, ५०, ५५, ६५, थांबायलाच तयार नाही, आणि मी बघत बसलो की आता खाली येईल. नाही आलं. सेट जळाला, माझ्या पैशानं दुसरा टाकला. हाय स्पीडला बेअरिंगमधल्या मोकळ्या जागेच्या थोड्याच भागात, सहसा पावापेक्षाही कमी, ग्रीस घालायचं असतं, मोजून, सिरिंजनं, आणि मग हळूहळू रन-इन करायचं. आधी १,००० वर, तापमान वर जाऊन परत खाली येऊन स्थिर झालं की पुढची पायरी, परत थांबायचं. त्यात ग्रीस ट्रॅकवरून बाजूला होऊन आपली जागा धरतं आणि मागे जो पातळ थर राहतो तोच पुढे वर्षानुवर्षं काम करतो. पूर्ण दिवस जातो यात, कधी रात्रपण. तेवढा वेळ ज्याच्याकडे नाही त्यानं हाय स्पीड स्पिंडल हातात घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत आहे, कुणाला वाईट वाटलं तरी.

इथे पार्टीची पण चूक आहे. "उद्या संध्याकाळपर्यंत द्या, डिस्पॅच अडकलाय" हे मी रोज ऐकतो. अडचण खरी असते, बँकेचा हप्ता असतो, मोठ्या कंपनीची पेनल्टी असते, मला सगळं कळतं, मी पण याच मुंबईत धंदा करतो. पण उद्या संध्याकाळी देणारा माणूस काय काय गाळतो ते समजून घ्या. तो मोजणी गाळतो, बॅलन्सिंग गाळतो, रन-इन गाळतो. जे डोळ्याला दिसत नाही तेच सगळं गाळतो आणि वरून रंग मारून देतो. मग घोडबंदर रोडच्या खड्ड्यांतून टेम्पोत आडवा, खाली साधी गोणीपण न टाकता स्पिंडल जातो, शाफ्ट आतल्या आत ठोकरा खात जातो, आणि चांगल्या केलेल्या कामाचा पण रस्त्यातच खळगा पडतो. मी आता फोमचा साचा केलेला लाकडी खोका देतो, आणि शाफ्ट लॉक करून पाठवतो. खोका परत करा एवढंच मागतो, अर्धे येतात.

बेअरिंगच्या खरेदीबद्दलपण. बाजारात नकली माल आहे, पॅकिंग इतकं हुबेहूब की मलापण एकदा फसायला झालं असतं. पी ४ क्लासच्या, म्हणजे उच्च अचूकतेच्या, खऱ्या बेअरिंगच्या रिंगवर किंवा बॉक्सवर बोअर आणि बाहेरचा डाय ठरलेल्या मापापेक्षा किती मायक्रॉन वेगळा आहे ते सहसा लिहिलेलं असतं, ते नसेल तर आधी चौकशी करा. वर्ल्ड बेअरिंग असोसिएशनचं मोबाइल ॲप आहे, पॅकेटवरचा कोड स्कॅन करून बऱ्याच मोठ्या कंपन्यांचा माल तपासता येतो. पैसे लागत नाहीत. आणि अर्ध्या किमतीत पी ४ चा सेट कुणी देत असेल तर तो का देतोय हे स्वतःला विचारा.

ज्यांनी ते पत्र लिहिलं त्या वसईच्या साहेबांना माझं सांगणं आहे. चौथ्यांदा स्पिंडल उतरवण्याआधी ज्याला काम द्याल त्याच्याकडून तीन गोष्टी लिहून मागा. काम करण्याआधीची रीडिंग, म्हणजे रनआउट तोंडाशी किती आणि ३०० मिलिमीटरवर किती, ड्रॉबारची ताकद, व्हायब्रेशन, तापमान, आणि काम झाल्यावरची तीच रीडिंग शेजारी. दुसरं, जुनी बेअरिंग परत मागा, धुतलेली नकोत, आहे तशी, ग्रीससकट, पिशवीत. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, एका ओळीत का होईना पण कारण लिहून मागा, बेअरिंग कशानं गेलं. "नॉर्मल वेअर" एवढंच लिहिलं असेल आणि स्पिंडल तीन महिन्यांतच गेला असेल तर ते कारण नाही, ती टाळाटाळ आहे. जो हे द्यायला कां कूं करेल त्याच्याकडे जाऊ नका, मग तो स्वस्त असो की महाग, ओळखीचा असो की आणखी कुणी. आणि तुमच्या बाजूनं, मशीनपाशी एक साधी वही ठेवा, दोनशे पानी, तारीख टाकून लिहा. कधी ठोकलं, कधी हवा गेली, कधी कूलंट बदललं, कधी आवाज पहिल्यांदा आला. डॉक्टरकडे जाताना आपण जुने रिपोर्ट नेतो ना, तसंच. ती वही माझ्यासमोर आली तर माझं अर्धं काम तिथेच झालेलं असतं.

माझ्या धंद्यातल्या भावांनापण सांगतो, रिपोर्ट दिल्यानं गिऱ्हाईक परत येणार नाही अशी भीती मनात असते, माझ्या पण होती. ताईंच्या स्पिंडलचं कारण त्यांना सांगितलं नसतं तर तीन-तीन महिन्यांनी मला काम मिळत राहिलं असतं, हा हिशेब मलापण येतो. त्यांनी त्यानंतर त्यांच्या इस्टेटमधली पाच युनिटं माझ्याकडे पाठवली.

आता शेवटचं, आणि हे संपादक साहेब तुम्ही छापाच अशी विनंती आहे. माझ्याकडे हाताखाली दोन मुलं आहेत, एक मुलुंडचा आणि एक कळव्याचा, दोघेही आयटीआय झालेले, हुशार, हात चांगला. पण दोघांनी माझ्याकडे येईपर्यंत कधी स्पिंडल आतून बघितला नव्हता. त्यांची चूक नाही, शिकवणाऱ्या सरांचीपण नाही, चालू मशीनचा स्पिंडल वर्गात उघडून दाखवणार कोण? माझ्या गाळ्यात पोटमाळ्यावर नऊ खोकी आहेत. गेल्या बारा-तेरा वर्षांत जी जी बेअरिंग मेलेली निघाली आणि पार्टीनं परत मागितली नाहीत त्यातली निवडक मी ठेवलीत, प्रत्येकाला दोऱ्यानं कागद बांधलाय, कशानं गेलं ते लिहून. पाणी, क्रॅश, जळलेलं, तिरकं बसलेलं, करंटचं, नकली निघालेलं. पार्टीचं नाव कशावरच नाही. एक बीटी ४० चा भंगार स्पिंडलपण आहे, तो मी मधून उभा कापून घेणार आहे, म्हणजे आत काय कसं बसतं ते एका नजरेत दिसेल. मुंबई-ठाण्यातल्या ज्या आयटीआयला किंवा पॉलिटेक्निकला हे पाहिजे असेल त्यांनी तुमच्या पेपरमार्फत कळवावं, सगळं फुकट देईन, पोचवायचा टेम्पो माझा. आणि सरांनी बोलावलं तर एक शनिवार येऊन मुलांच्या हातात एक-एक बेअरिंग देऊन, कागद झाकून, हे कशानं मेलं ते तुम्हीच ओळखा असं करून घ्यायची माझी फार इच्छा आहे. पावसाळ्याच्या आधी झालं तर बरं, कारण जूननंतर पाण्यानं गेलेल्या स्पिंडलची रांग लागते आणि मग मला गाळ्यातून हलता येत नाही.

आपला नम्र,
एक स्पिंडल फिटर,
साकीनाका, अंधेरी (पूर्व), मुंबई